एकोणीस एकांची चौकशी

आमच्या गणित विभागात बाहेरून कोणी आलं की शिपाई दौलत आत येऊन सांगायचा, “मॅडम, तुमचा पेशंट आला.”

यात त्याचा दोष नव्हता. रामदासपेठेत आमच्या कॉलेजच्या आजूबाजूला इतके दवाखाने आहेत, की महिन्यातून एखादा तरी माणूस एक्स-रेचं पाकीट काखेत मारून आमच्या जिन्यावर धापा टाकत उभा असायचा. त्याला खाली पिटाळण्यात दौलतचा जन्म गेला. त्यामुळे जो पिटाळूनही जात नाही आणि गणिताबद्दलच बोलायचं म्हणतो, तो माझा पेशंट, असं त्याने ठरवून टाकलं होतं.

असे लोक प्रत्येक गणित विभागात येतात. कोणी कोनाचे तीन सारखे भाग करून आणतो, कोणाला शून्याने भागायचा मार्ग सापडलेला असतो. विभागात जो सगळ्यांत नवा, त्याच्या गळ्यात ही मंडळी बांधायची अशी आमच्याकडे रीत होती. मी नवी होते तेव्हा माझ्या गळ्यात पडली, आणि पुढे विभागप्रमुख झाले तरी मी ती कोणाला दिली नाही. खोड लागली होती. आता निवृत्त होऊन शहराबाहेर बेसाला राहते. इथे शेजारणी विचारतात, “तुम्ही काय शिकवायच्या?” मी “गणित” म्हटलं की विषय लगेच वांग्याच्या भावावर जातो. त्यांना मी पेशंटांच्या गोष्टी सांगितल्या असत्या तर वांगी राहिली असती बाजूला.

माझ्या वाट्याला आलेले बहुतेक पेशंट मूळ संख्यांचे होते. जिला एक आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कोणत्याही संख्येने पूर्ण भाग जात नाही, ती मूळ संख्या. सात, तेरा, एकोणीस. शाळेत हे सगळ्यांनी घोकलेलं असतं आणि परीक्षेनंतर सगळे विसरतात. मात्र तुमच्या मोबाईलवरून भाजीवाल्याला पैसे जातात तेव्हा वाटेत कोणी हात मारू नये म्हणून जे कुलूप असतं, ते पुष्कळदा मोठाल्या मूळ संख्यांचं बनवलेलं असतं. दोन मूळ संख्यांचा गुणाकार करणं सोपं, पण नुसता गुणाकार पाहून त्या दोन कोणत्या हे शोधणं महाकठीण. तांदूळ आणि डाळ एकत्र शिजवायला कुकर पुरतो. झालेल्या खिचडीतून दोन्ही वेगळे काढायला बसा म्हणजे कळेल.

एकदा इतवारीतले एक कापड व्यापारी आले. दुकानाच्या नव्या पाटीवर टाकायला मोबाईल नंबर घ्यायचा होता. कोणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं, की ज्या नंबराला कशानेच भाग जात नाही तो घेतला तर दुकानाचेही भाग पडत नाहीत. त्यांनी पसंत केलेला नंबर समोर ठेवला. मी अंकांची बेरीज करून म्हटलं, “शेठ, याला तीनने भाग जातो.”

“तीननं?” ते खुर्चीतून अर्धे उठले. “अवो मॅडम, आमी भाऊच तीन हाओत नं!”

मग त्यांच्याजवळच्या पर्यायांतून एक मूळ संख्या शोधून दिली. दुकान अजून आहे, पाटीवर नंबर तोच आहे. श्रेय मी घेत नाही, पण तिकडून जाताना पाटीकडे बघते जरूर.

पेशंटांबाबत एक नियम मी स्वतःपुरता केला होता. चूक दाखवायची, पण माणसाला हसायचं नाही. तो सहसा चुकलेलाच असतो, त्यामुळे हा नियम पाळायला कष्ट पडतात. गजभिये गुरुजी आले तेव्हा मी हाच नियम मनात घोळवत बसले होते.

गुरुजी सावनेरजवळच्या खाप्याचे. तिथल्या प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. उंच, सडसडीत, पांढरा सदरा, डोळ्यांवर दवाखान्यातला काळा चष्मा. वय विचारलं तर म्हणाले, “धम्मदीक्षेच्या सालचा जन्म माह्या. हिशेब तुमीच करा.” जवळच्याच दवाखान्यात डोळे दाखवायला आले होते, तिथून पाटी वाचत वर आले. दौलतने पहिल्यांदा त्यांना खालीच पाठवलं होतं. ते परत आले.

त्यांचं प्रकरण असं होतं. पहिलीच्या वर्गाला त्यांनी उभ्या नोकरीत ‘एक’ गिरवायला शिकवलं. मुलं पाटीभर एकच एक काढायची. पाट्या तपासता तपासता गुरुजींच्या मनात आलं, की ही पोरं ओळीत जेवढे एक काढतात ती एकच मोठी संख्या धरली, तर तिला भाग कशाने जातो? दोन एक म्हणजे अकरा, ती तुटत नाही. तीन एकांना तीनने आणि सदतीसने जातो. पाच एकांना एक्केचाळीसने, सात एकांना दोनशे एकोणचाळीसने. घरी जाऊन ते पुढे पुढे जात राहिले. पेन्शनीत गेल्यावर तर दुसरा धंदाच नव्हता.

“सतरा एक तुटले, मॅडम,” ते म्हणाले. “सहा-सात वर्स लागले. पाहा नं तुमी.”

त्यांनी खिशातून कागद काढला. त्यावर एकच ओळ होती : २०७१७२३ गुणिले ५३६३२२२३५७. मी संगणकात घातलं. पडद्यावर सतरा एक ओळीने उभे राहिले.

इतक्या वर्षांत बरोबर असलेला हा पहिला पेशंट. मी दौलतला चहा सांगितला, आणि तो चहाच्या कपाबरोबर डोळेही मोठे करून आला, कारण पेशंटला चहा पाजायची आमच्याकडे पद्धत नव्हती.

सात वर्षांत वीस लाखांपर्यंतच्या सगळ्या संख्या तपासणं शक्य नाही, म्हणून मी खोदून विचारलं. गुरुजींना एक गोष्ट दिसली होती. सात एकांना ज्यांनी भाग जातो, त्यांना सातने भागलं तर एक उरतो. अकरा एकांच्या भाजकांना अकराने भागलं तरी एक उरतो. मग सतरा एकांसाठी त्यांनी सतराने भागून एक उरतो अशाच मूळ संख्यांना हात लावला, बाकीच्यांना वाटेला लावलं. हे असंच का, याची सिद्धता तीन ओळींची आहे. मी ती त्यांना तिथेच करून दाखवली. ते खूश झाले, मीही झाले.

मग चहा संपला आणि ते म्हणाले, “आता एकोणीस घेतले हायेत. अठरा तं सोपे हायेत, लगेच तुटते. एकोणीस काई तुटून नाई राहिले.”

मी काहीतरी बोलणार तेवढ्यात त्यांनी हात वर केला. “तुमाले माहीत असन. पन सांगू नका. डॉक्टर म्हनते काचबिंदू हाय, गेली ते नजर वापस येत नाई, राहिली ते किती दिवस राहीन सांगता येत नाई. माही एवढीच इच्छा हाय का आकडे दिसून राहिले तोवर एकोणीसचा निकाल लागला पाहिजे. माह्या हातानं.”

मला माहीत होतं. या विषयात काम करणाऱ्या कोणालाही माहीत असतं. एकोणीस एकांची संख्या मूळ आहे. गुरुजी जो भाजक शोधायला निघाले होते तो अस्तित्वातच नव्हता. आणि तो नाही एवढी खात्री करून घ्यायलाही त्यांच्या पद्धतीने शंभर कोटींच्या पुढे जावं लागणार होतं. सतराला लागली त्याच्या शेकडो पट वर्षं. ते गेले. त्यांनी सांगू नका म्हटलं होतं, मी सांगितलं नव्हतं, आणि तरी मला आपण कोणालातरी चुकीच्या गाडीत बसवून दिल्यासारखं वाटत होतं.

पुढच्या तपासणीला ते आले तेव्हा पत्नी बरोबर होत्या. सुलोचनाबाई. गावात बालवाडी चालवलेली बाई, आवाज खणखणीत. गुरुजी दौलतशी बोलत मागे राहिले, तेवढ्यात त्यांनी मला व्हरांड्यात गाठलं.

“मॅडम, ते एकोणीस तुटते का नाई तुटत?”

“त्यांनी सांगू नका म्हटलंय.”

“त्यायले सांगू नका, मले सांगा. सकाळी उठले का भागाकार, जेवले का भागाकार. नातेवाइकाइच्या लग्नात नाई येत. मी म्हनतो, जे डोळे राहिले त्यानं मानसायचे तोंडं पाहा नं गा! तं म्हनते, थांब, एकोणीस होऊ दे.” बोलता बोलता त्यांनी माझा हात धरला. “होनार हाय का ते? तेवढं सांगा फक्त.”

मी त्यांना सांगितलं नाही. आत गेले आणि गुरुजींनाच सांगितलं. “गुरुजी, एकोणीस तुटत नाहीत. ती मूळ संख्या आहे. तुम्ही जे शोधताय ते नाहीच.”

ते रागावतील, उठून जातील असं वाटलं होतं. सुलोचनाबाई दारात उभ्या होत्या, त्यांनी तोंडाला पदर लावला. गुरुजींनी मान वर करून एकच शब्द विचारला.

“काहून?”

“का म्हणजे? संगणकावर तपासलेलं आहे. जगजाहीर आहे.”

“ते झालं कोन म्हनते याचं उत्तर. मी विचारून राहिलो काहून.”

मला पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला सांगू. मग हसू आलं. ‘सिद्धता द्या, सिद्धता द्या’ म्हणून मी विद्यार्थ्यांच्या पिढ्याच्या पिढ्या छळल्या, आणि आज सिद्धता मागितली तर मी जगजाहीर म्हणून मोकळी होत होते. वर्गात मूळ संख्या शिकवल्या, पण एकही मोठी मूळ संख्या मी स्वतःच्या हाताने पकडलेली नव्हती. सगळ्या ऐकीव.

एक रस्ता होता. मी म्हटलं, “गुरुजी, मुलीसाठी स्थळ आलं तर मुलाची माहिती कुठे काढता?”

“शेजारी.”

“इथेही तेच करायचं. एकोणीस एकांच्या घरात घुसायचं नाही. शेजारी जायचं.”

शेजारी म्हणजे एकने कमी असलेली संख्या : अठरा एक आणि शेवटी शून्य. अठरा एक सोपे हे गुरुजींना माहीतच होतं. त्यांचे तुकडे होतात आणि त्यांतले दोन भरभक्कम असतात, ५२५७९ आणि ३३३६६७. शेजाऱ्याचे एवढे मोठे तुकडे हाती लागले की मूळ संख्या ओळखायची एक परीक्षा घेता येते. तीन ही संख्या घ्यायची आणि शेजाऱ्याची संख्या जेवढी, तेवढ्या वेळा तिला स्वतःशीच गुणायची. वर्गाचा वर्ग करत गेलं की हे झपाझप होतं. आलेल्या उत्तराला आपल्या संख्येने भागलं तर बाकी एक उरली पाहिजे. त्याआधी त्या दोन तुकड्यांच्या दोन लहान परीक्षा आहेत, त्यांत मसावि काढायचा. तिन्ही परीक्षा पार पडल्या की संख्या मूळ, शंकेला जागा नाही.

“एवढाले आकडे भागाले तं मी मरून जाईन,” गुरुजी म्हणाले.

“भागायचं नाही, घडी घालायची.” मी फळ्यावर दाखवलं. आकडा एकोणीस अंकांच्या पलीकडे गेला की डावीकडचे जादा अंक उचलायचे, उजवीकडच्या एकोणीस अंकांखाली ठेवायचे आणि बेरीज करायची. लुगड्याची घडी घालतो तसं. एकावर एकोणीस शून्यं असलेल्या संख्येत आपली संख्या बरोबर नऊ वेळा जाऊन एक उरतो, म्हणून हे चालतं. “फक्त एक लक्षात ठेवा. घडी म्हणजे एकोणीस नवांनी भागणं. सगळं संपलं की शेवटच्या उत्तराला एकदा एकोणीस एकांनी भागायचं.”

“ठेवलं,” गुरुजी म्हणाले. सुलोचनाबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की एका व्यसनातून सोडवायला आणलं तर बाईने दुसरं लावून दिलं. पण हे काही महिन्यांचं काम होतं, अनेक जन्मांचं नव्हतं. हे मी त्यांना जिन्यात समजावून सांगितलं.

मध्यंतरी त्यांच्या बातम्या फोनवर यायच्या. कागदावरचे अंक दिसेनात तेव्हा त्यांनी शाळेतून बाद झालेला फळा घरी आणला आणि वीतभर अंक काढू लागले. पुढे खडू सुलोचनाबाईंच्या हातात गेला. त्या वाचून दाखवायच्या, ते तोंडी गुणाकार करायचे, त्या लिहायच्या. प्रत्येक उत्तराच्या अंकांची बेरीज करत गेलं की शेवटी नऊच येतो, यात गुरुजींना भारी मौज वाटे. तीनचे घात ते, नऊच्या पाढ्यातून बाहेर जातील कसे? तोच त्यांचा ताळा. बेरीज नऊ आली नाही की गुणाकार पुन्हा. “मले म्हनते, तुहं अक्षर पोट्ट्यासारखं हाय,” सुलोचनाबाई तक्रार करायच्या, पण पुढे आपणहून सांगायच्या की दुसरी लहान परीक्षाही झाली.

आणि मग एका सकाळी त्यांचाच फोन आला.

“मॅडम, एक नाई आला.”

“म्हणजे?”

“मोठी परीक्षा झाली काल. एक नाई आला, दुसरंच काई आलं. म्हनते, मॅडमचं खोटं निघालं नाईतं माहं चुकलं. कालपासून फळ्यासमोर बसून हायेत. जेवले नाईत. काई दिसत तं नाई त्यायले आता तिथं, तरी बसून हायेत.”

मी सावनेरची एसटी पकडली, तिथून खाप्याची. वाटेत माझ्या मनात एकच हिशेब चालू होता. संख्या मूळ आहे, म्हणजे उत्तर एक यायलाच हवं. आलं नाही म्हणजे गुणाकार चुकला. ताळा नऊचा आहे, तो सगळ्याच चुका पकडत नाही. दोन अंक अदलाबदल झाले तर बेरीज तीच राहते. चूक शोधायची म्हणजे फळ्यावरून केव्हाच पुसलेले महिने पुन्हा मांडायचे. तेवढी नजर त्यांच्याजवळ उरली होती का? मीच त्यांना या वाटेला लावलं होतं. सांगितलं नसतं तर निदान शोधत तरी राहिले असते, असंही मनात येऊन गेलं.

घर कन्हान नदीच्या बाजूला. पुढच्या खोलीत भिंतभर फळा, समोर खुर्चीत गुरुजी. माझा आवाज ऐकून उठले, पण चेहरा भलतीकडे वळवला. नजर बरीच गेली होती. “या मॅडम,” म्हणाले, “पाहा तुमचा एक.”

फळ्यावर सुलोचनाबाईंच्या अक्षरात लिहिलं होतं :

८८८८८८८८८८८८८८८८८८९

मी ते वाचलं आणि फळ्याशी जाऊन एकेक अंक बोटाने मोजला. सुलोचनाबाई घाबरून म्हणाल्या, “अवं माय, काय झालं?”

“सुलोचनाबाई, हे किती आहे ते वाचा.”

“आठ, आठ, आठ… सारे आठच हायेत. शेवटी नऊ.”

“आणि तुमच्या संख्येला आठने गुणलं तर?”

त्या फळ्याकडे बघत राहिल्या. ओठ हलत होते. आठ एके आठ, आठ एके आठ. शेवटच्या अंकाशी येऊन त्या थांबल्या आणि एकदम ओरडल्या, “अवो! हे तं तुमचेच एकोणीस एक हायेत, आठ डाव! आन् वरतं एक हाय! एक उरला, अवो, एक उरला!”

“घडी,” गुरुजी हळूच म्हणाले. “घडी घालून ठेवली, आन् उलगडून पाहाचं राहून गेलं. तुमी सांगतलं होतं.” आणि मग स्वतःच्या कपाळावर हात मारून लहान पोरासारखे हसायला लागले. “अन् मी पन येडा! नऊच्या पाढ्यात एक येनार कुठून? त्याले वेष पालटूनच यावं लागलं नं!”

ते मलाही फळ्यावरचा आकडा पाहिला तेव्हाच उमगलं होतं. ताळा शेवटपर्यंत खरा होता. एकही गुणाकार चुकलेला नव्हता. त्या दोघांनी मिळून, एकाचं डोकं आणि एकीचं अक्षर वापरून, एकोणीस अंकी मूळ संख्या हातांनी पकडली होती.

गुरुजींनी सुलोचनाबाईंना फळा पुसायला लावला. मग चाचपत पुढे गेले, डाव्या हाताने फळ्याची कड धरली आणि उजव्या हाताने मधोमध एक मोठा ‘एक’ काढला. पहिलीच्या वर्गात काढतात तसा, वर गाठ, खाली सरळ दांडी. त्यांना तो दिसत नव्हता, पण हाताला पाठ होता. त्याच्यावरून त्यांनी दोनदा खडू फिरवला. तेवढ्यात सुलोचनाबाई ताटं वाढायला आत गेल्या, आणि जाताना म्हणाल्या की आता तरी लग्नाले चाला, पुढच्या हप्त्यात हाय.

“येतो, येतो,” गुरुजी म्हणाले. मग त्यांनी खडू माझ्या दिशेने धरला.

“घ्या मॅडम, गिरवा. आजवर तुमी ऐकलंच होतं नं?”

मी उठले आणि त्यांच्या एकावरून खडू फिरवला. गुरुजी शेजारी उभे राहून खडूचा आवाज ऐकत होते.

“दांडी सरळ येऊ द्या,” ते म्हणाले.